आषाढात या, आणि टेप घेऊन या
कोकणातील कारागृह अभ्यागत मंडळांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व शासकीय व अशासकीय सदस्य,
कारागृह अभ्यागत मंडळे,
ठाणे, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग

विषय : किनाऱ्यावरील कारागृहे व पोलीस कोठड्यांच्या पाहणीची वेळ आणि पद्धत बदलण्याबाबत

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

अभ्यागतांच्या वहीत काय लिहायचे हे आता ठरूनच गेल्यासारखे झाले आहे. बराकी पाहिल्या, स्वयंपाकघर पाहिले, जेवणाची चव घेतली, बंद्यांची तक्रार नाही. खाली सही. हे खोटे असते असे आम्हाला म्हणायचे नाही. नोव्हेंबरातल्या एखाद्या सकाळी अकरा वाजता, अधीक्षक सोबत असताना, अंगण झाडून झालेले असताना जे दिसते ते खरेच तसे असते. पण कोकणातली इमारत नोव्हेंबरात सकाळी अकराला कधीच बिघडत नाही. ती बिघडते मेच्या तिसऱ्या आठवड्यात नळापाशी, आषाढात रात्री दोन वाजता जमिनीवर, आणि गणपतीच्या आठवड्यात, पोलीस बंदोबस्ताला गेल्यावर दवाखान्याच्या वाटेवर. आमचे म्हणणे एवढेच आहे की वर्षातल्या चारपैकी तीन भेटी या तीन वेळांना ठेवा, आणि वहीत शेरे लिहिण्याऐवजी आकडे लिहा.

आपल्या मंडळात जिल्हा न्यायाधीशांसोबत जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, जिल्हा शल्यचिकित्सक आणि सार्वजनिक बांधकामचे कार्यकारी अभियंताही असतात. मोजमाप घेणारे हात मंडळातच आहेत. एरवी ते हात पाठीमागे बांधून चालत असतात.

जागेपासून सुरुवात करू. आदर्श कारागृह नियमावली, २०१६ झोपण्याच्या बराकीत माणशी ३.७१ चौरस मीटर जागा धरते. कारागृहाची 'अधिकृत क्षमता' असल्याच भागाकारातून येते. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा : भागाकारात वर कोणते क्षेत्रफळ घेतले? पडवी, आतला संडास, पाण्याचा हौद, दारामागची मोकळी जागा हे सगळे धरून क्षमता काढली असेल तर ती कागदावरची क्षमता झाली. एक हिशेब करून पाहू. समजा बराक १८ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद आहे, म्हणजे १०८ चौरस मीटर. क्षमता २९. आत माणसे आहेत ५८. तेव्हा माणशी १.८६ येतात. आता संडास-मोरीचे ५ चौरस मीटर वजा करा. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडच्या खिडक्यांतून तिरपा पाऊस आत येतो आणि भिंतीलगतची दोन फुटांची पट्टी भिजते, तिथे कोणी झोपू शकत नाही, ते १०.८ गेले. मधून चालायला तीन फुटांची वाट सोडायची तर आणखी १६ गेले. राहिले ७६. माणशी १.३१. माणूस आडवा पडला की सहा फूट लांबी जाते, म्हणजे रुंदीला त्याच्या वाट्याला अडीच फूटसुद्धा येत नाहीत. कुशीवर झोपायचे, आणि एकाने कूस बदलली की रांगेने बदलायची.

हा हिशेब दिवसा कळत नाही, कारण दिवसा बिछाने गुंडाळून भिंतीशी लावलेले असतात आणि बराक ऐसपैस दिसते. बिछाने पसरायला सांगा. सगळे. मग टेप लावा. त्यातही एक नोंद न चुकता करा : संडासाच्या दारापाशी कोण झोपते? तिथे बहुधा नवा आलेला, पैसा नसलेला किंवा भाषा न येणारा माणूस असतो. आतली उतरंड कळायला तेवढे पुरते, वेगळी चौकशी लागत नाही.

हवेचेही तसेच आहे. नियमावली बराकीत माणशी १.१२ चौरस मीटर इतकी भिंतीतली उघडी जागा मागते. वरच्या उदाहरणात १.२ बाय दीड मीटरच्या दहा खिडक्या असतील तर उघडी जागा १८ चौरस मीटर होते. आता मृग लागला की पावसाच्या बाजूच्या पाच खिडक्यांवर निळी ताडपत्री बांधली जाते. राहिली ९. भागिले ५८. माणशी ०.१६, म्हणजे हव्या त्याच्या एक सप्तमांश. जून ते सप्टेंबर हीच स्थिती. त्या हवेत एक खोकणारा क्षयरोगी असला की पुढचे सांगायला नको. ताडपत्रीला पर्याय आहे आणि तो महाग नाही : खिडकीवर बाहेरून दोन-अडीच फूट पुढे येणारा, खाली झुकलेला पत्र्याचा छज्जा, आणि गजांच्या बाहेर खाली तोंड केलेल्या तिरप्या पट्ट्या. घराच्या पडवीला आपण पावसाळ्यापूर्वी झापे बांधतो त्यामागे हीच अक्कल आहे. पाऊस अडतो, वारा येतो. कार्यकारी अभियंत्यांनी हे काम आगोटीच्या आधी, मार्चच्या अंदाजपत्रकात धरले तरच होते. जुलैत लिहिलेल्या शेऱ्यावर काम होते डिसेंबरात, आणि तोवर ताडपत्री सोडलेली असते.

जुन्या इमारतींबद्दल वेगळे सांगायला हवे. अलिबागचे कारागृह हिराकोटात आहे; कान्होजी आंग्र्यांनी १७२० साली बांधलेला किल्ला तो. ठाण्याचे मध्यवर्ती कारागृहही किल्ल्यातच, पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेल्या आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेल्या. तोफगोळे अडवण्यासाठी उभ्या केलेल्या भिंती दिवसभर तापतात आणि रात्री ती ऊब आत सोडतात. दक्षिणेकडे यावे तर चिऱ्याचे, म्हणजे जांभा दगडाचे बांधकाम. चिरा पाणी पितो. बाहेरचा गिलावा फुटला असेल तर ओल आतून छातीइतकी चढते, चुना पोपडे धरतो आणि आत उबट वास कायमचा बसतो. वरून रंग मारून ही ओल जात नाही. उलट तेलरंग मारला तर ती आत कोंडते आणि दोन पावसांत रंगासकट गिलावा सुटतो. ओल कुठपर्यंत चढली आहे ती जमिनीपासून टेपने मोजून लिहावी. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा मोजावी. पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायाशी पडते की गटारात जाते, हे बाहेरून एक फेरी मारली की दिसते.

ओल्या भिंतीबरोबर वीज येते. बराकीच्या मुख्य फळीवर ३० मिलिअँपिअरची ईएलसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारी कळ, आहे का ते पाहा, आणि तिचे 'टेस्ट' बटण दाबा. खटका पडला तर ठीक. नाही पडला तर ती शोभेची आहे. वादळवाऱ्यात वीज रात्र-रात्र जाते, तेव्हा इन्व्हर्टरवर नेमके काय चालते : कार्यालयाचा संगणक, की बराकीतला एक दिवा आणि दोन पंखे? मुख्य खटका बंद करून पाहिल्याशिवाय याचे उत्तर मिळत नाही.

आता खरुजेकडे येऊ. हा विषय नोंदवहीत कधी दिसत नाही, कारण खाज हा कोणाला आजारच वाटत नाही. पण किनाऱ्यावरच्या कोठडीत पावसाळा मोजायचा असेल तर खरुजेइतकी नेमकी मोजपट्टी दुसरी नाही. कारण साधे आहे. धुतलेले कपडे वाळत नाहीत, घोंगडी तर चार महिने वाळतच नाही, माणसे अंगाला अंग लावून झोपतात. दोरी बांधायला सुरक्षेच्या कारणाने मनाई असते, ती मनाई योग्यही आहे. मग कपडे गजांवर किंवा उशाशी वाळतात, म्हणजे वाळत नाहीत.

पाहणीच्या दिवशी बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेच्या नाडीखाली पाहावे. हे डॉक्टर सदस्याने करावे आणि आडोशाला करावे. मग औषधांची वही मागावी आणि पर्मेथ्रिनच्या, म्हणजे खरुजेच्या मलमाच्या, ट्यूबा मोजाव्यात. उपचार कसा फसतो ते ट्यूबांच्या संख्येवरून कळते. ५ टक्के पर्मेथ्रिनचे मलम मानेपासून तळपायापर्यंत सगळ्या अंगाला लावून रात्रभर, आठ ते चौदा तास, ठेवावे लागते आणि आठवड्याने पुन्हा. एका मोठ्या माणसाला एका वेळी सुमारे ३० ग्रॅम लागते. पहिल्यांदा लागण झालेल्याला खाज सुटायला दोन ते सहा आठवडे जातात, त्यामुळे आज न खाजवणारा शेजारीही किडे बाळगून असू शकतो. म्हणून अख्ख्या बराकीला एकाच रात्री मलम लावायचे असते. ५८ माणसांना, दोन वेळा, ३० ग्रॅमची ट्यूब धरली तर ११६ ट्यूबा. वहीत दहा-बारा ट्यूबा 'तक्रार करणाऱ्यांना' दिल्याची नोंद असेल तर ते औषध वाया गेले असे समजावे. महिन्याभरात सगळे पहिल्यासारखे होणार. त्याच सकाळी कपडे-चादरी कडक गरम पाण्यात धुवाव्यात, आणि ज्या धुता येत नाहीत त्या प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून किमान तीन दिवस ठेवाव्यात. माणसाच्या अंगावाचून हा किडा त्याहून फारसा जगत नाही. मोठा आटापिटा आहे, पण चार महिने खाजवण्यापेक्षा लहान.

आणि वाळवणाची शेड. यार्डात, चारी बाजूंनी जाळी, वर पारदर्शक पत्रा, आत पक्के बसवलेले लोखंडी पाइप. रोज एक जोड आणि एक पंचा वाळवायचा तर माणशी साधारण मीटरभर पाइप लागतो. १५० माणसांना १५० मीटर. पाच थरांत लावला तर सहा-सहा मीटरच्या पाच रांगांत बसतो. दोन पंखे आडवे लावले की आषाढातही दुसऱ्या दिवशी कपडा अंगावर घालण्याजोगा होतो. दोरीचा प्रश्न नाही, सुरक्षेचा प्रश्न नाही. तरी ही शेड कुठल्या मागणीपत्रात दिसत नाही, कारण मागणीपत्र करणारे घरी जाऊन कोरडा शर्ट घालतात.

पाणी मेमध्ये पाहावे. नियमावली माणशी रोज १३५ लिटर धरते. टाकी किती लिटरची आहे हे सांगितले जाते. ती टाकी दिवसातून किती वेळा भरते हे सांगितले जात नाही. यासाठी लागते एक दहा लिटरची बादली आणि हातातले घड्याळ. मोजताना सगळे नळ एकदम उघडायचे, कारण सकाळी ते एकदमच उघडे असतात. एकच नळ सोडून मोजले तर पाणी धो-धो वाटते. चारही नळ उघडे असताना बादली ४० सेकंदांत भरली तर एका नळाला मिनिटाला १५ लिटर, चार नळांना ६०. पाणी दीड तास सोडत असतील तर ५,४०० लिटर. माणसे १८० असतील तर माणशी ३०. त्यात अंघोळ, कपडे, ताट, संडास. पिण्याचे वेगळे असेल तर ते वेगळे मोजा.

समुद्राजवळच्या विहिरी मेअखेर मचूळ होतात. जीभ सांगतेच, पण टीडीएस मीटर शेकड्यात मिळतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,०००. विहिरीत दोरी सोडून पाण्याची खोली लिहा. टँकर येत असतील तर टँकरची वही आणि फाटकावरची वही एकमेकींशेजारी ठेवा. दोन्हींत टँकर तितकेच निघायला हवेत.

ब्लीचिंग पावडरचे एक गुपित आहे जे आरोग्यसेवकाला ठाऊक असते आणि कारागृहाच्या भांडारपालाला नसते. चांगली पावडर १,००० लिटरला अडीच ग्रॅम पुरते. दहा हजार लिटरच्या टाकीला २५ ग्रॅम. पण आपल्या दमट हवेत तोंड उघडे राहिलेल्या पिशवीतला क्लोरीन उडून जातो, आणि माप बरोबर असूनही पाणी निर्जंतुक होत नाही. म्हणून किती पावडर टाकली हे विचारू नये. टाकल्यावर तासाभराने सर्वांत लांबच्या नळावर ओटी टेस्ट करावी; क्लोरीन असेल तर ओटीच्या थेंबांनी पाणी पिवळे होते. लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. पाणी पिवळे झाले नाही तर टाकीपाशी कितीही पिवळे होत असो, उपयोग नाही.

संडास मोजताना दिवस आणि रात्र वेगळी मोजावी. दिवसा सहा माणसांमागे एक आणि रात्री बराकीच्या आत दहांमागे एक, हे प्रमाण आहे. संध्याकाळचे जेवण पाच-साडेपाचला होते, दिवेलागणीला बराकी बंद, त्या उघडतात उजाडल्यावर. बारा तासांहून जास्त वेळ आतल्या संडासावर भिस्त. ५८ माणसांना दोन भांडी असतील तर एकामागे २९; पहाटे प्रत्येकाला चार मिनिटे दिली तरी दोन तास. म्हाताऱ्याने आणि मधुमेही माणसाने काय करायचे? रात्री आत पाणी किती ठेवतात, तेही बादल्यांत मोजा. संडासाच्या दाराची उंची लिहा. दार असेल तर.

हे संडास साफ कोण करते, याकडे आता न्यायालयाचेही लक्ष आहे. ३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता निकालात सर्वोच्च न्यायालयाने जातीवरून कामे वाटणे घटनाबाह्य ठरवले आणि बंद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितले. रकाना काढला का ते दोन मिनिटांत दिसते. पण मागच्या तीस दिवसांची कामवाटपाची यादी मागून झाडू कोणाच्या हातात रोज येतो आणि स्वयंपाकघरात कोण असते, हे पाहायला अर्धा तास द्यावा.

जेवणाबद्दल थोडक्यात, कारण त्यावर भेटीचा अर्धा वेळ जातो आणि कळत सगळ्यांत कमी. अभ्यागत येणार म्हटले की आमटीला फोडणी जास्तच पडते. शिजलेला भात तोलू नये. तांदूळ पाणी पिऊन अडीच-तीनपट होतो, जास्त पाणी घातले की वजन वाढते. कच्चा शिधा तोलावा. भिंतीवर माणशी प्रमाणाचा तक्ता असतो. त्या दिवशीची गिनती गुणिले तक्ता, आणि भांडाराच्या वहीतून निघालेला शिधा. आकडे जुळले की तराजूवर एक पोते ठेवावे. भांडारात पोती जमिनीला आणि भिंतीला टेकलेली नसावीत. खाली लाकडी फळ्या आणि भिंतीपासून हातभर अंतर, नाहीतर श्रावण येईतो तांदळाला जाळी आणि शेंगदाण्याला बुरशी. बुरशीचा शेंगदाणा निवडून टाकून भागत नाही, पोते बाद करावे.

आता गणपतीचा आठवडा. ज्या कारागृहात पूर्णवेळ डॉक्टर नाही, तिथे आजारी माणूस जिल्हा रुग्णालयात न्यावा लागतो आणि त्यासाठी पोलीस मुख्यालयातून गार्ड लागते. भाद्रपदात चाकरमानी येतात, महामार्गावर आणि घाटांत बंदोबस्त लागतो, गार्ड मिळत नाही. शिमग्याला आणि निवडणुकीलाही तेच. दवाखान्याच्या वहीत 'रुग्णालयात पाठवावे' अशी तारीख असते. फाटकाच्या वहीत माणूस प्रत्यक्ष बाहेर पडल्याची वेळ असते. या दोन वह्या कोणी एकत्र उघडत नाही. आपण उघडा. भाद्रपदातल्या सगळ्या नोंदी घेऊन मधले दिवस मोजा. पोलीस अधीक्षक मंडळाचेच सदस्य आहेत; गार्डचा प्रश्न त्यांच्यासमोर, आकड्यांसह, त्याच टेबलावर सुटू शकतो.

हे दिवस मोजणे एवढ्यासाठी महत्त्वाचे की याच दिवसांत लेप्टोस्पायरोसिस असतो. पाणी तुंबलेल्या यार्डात, गटारात, कारागृहाच्या शेतात अनवाणी काम करणाऱ्याला उंदराच्या मुतातून लागण होते. पाच ते चौदा दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी औषध मिळाले तर माणूस उठतो. आठवडा गेला तर मूत्रपिंड आणि यकृत धरते. पाण्यात काम करणाऱ्यांना गमबूट दिले आहेत का, डॉक्टरांच्या सल्ल्याने लागण टाळण्यासाठी आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन दिले का, आणि ताप आल्याचा दिवस व डॉक्टरने पाहिल्याचा दिवस यांत किती अंतर होते, या तीन गोष्टी लिहाव्यात. गमबुटांची जोडी भांडारात कोऱ्या पिशवीत सापडली तर तेही लिहावे.

स्त्रियांची संख्या आपल्याकडे थोडी असते आणि त्याचाच त्यांना तोटा होतो. पुरुषांच्या आवारात एखादी खोली, अंघोळीला वर छप्पर नसलेला आडोसा. तो आडोसा आषाढात पाहावा. रात्री महिला शिपाई प्रत्यक्ष हजर असते की फक्त हजेरीपटावर, सॅनिटरी पॅड मागावे लागतात की दिले जातात, आणि सहा वर्षांखालचे मूल सोबत असेल तर त्याचे दूध आईच्या शिध्यातून तर जात नाही ना, हे विचारायला महिला सदस्याने एकटीने जावे.

बंद्यांशी बोलण्याची रीत हा आमच्या मते सगळ्यात कच्चा भाग आहे. रांगेत उभे करून, अधिकाऱ्यासमोर, 'काही तक्रार?' असे विचारले तर उत्तर ठरलेले. कर्मचारी दिसतील इतक्या जवळ पण ऐकू येणार नाही इतक्या लांब असावेत. कोणाशी बोलायचे ते आपण ठरवावे : नोंदवहीतला दर सातवा माणूस, शिवाय संडासाजवळ झोपणारे दोघे. प्रश्न मोजता येतील असे हवेत. काल रात्री किती वेळा उठलात? शेवटची अंघोळ कधी, किती तांबे? वकील शेवटचे कधी भेटले, समोरासमोर की व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओच्या पडद्यावर? आंब्याच्या बागांत राखणीला आणि बोटींवर खलाशी म्हणून येणारे नेपाळी, कर्नाटकातले, बंगाली मजूर आत असतात. त्यांच्यासाठी दुभाष्या आपण न्यावा, दुसऱ्या बंद्याला करू नये. परदेशी असेल तर त्याच्या वकिलातीला कळवल्याचे पत्र मागावे. वहीत नावे नकोत, क्रमांक पुरे. आणि पंधरा दिवसांनी, न कळवता, पुन्हा त्याच क्रमांकांना भेटावे. बोलल्याबद्दल कोणाची बराक बदलली, कोणाची मुलाखत, म्हणजे घरच्यांची भेट, तुटली, हे त्याशिवाय कळत नाही.

मुलाखतीवरून आठवले. मंडणगड किंवा दोडामार्गच्या आतल्या गावातून निघालेली बाई पहिल्या एसटीने आली तरी पोहोचेस्तोवर मुलाखतीची वेळ टळलेली असते. एसटीचे वेळापत्रक आणि मुलाखतीचे वेळापत्रक शेजारी ठेवून एकदा पाहावे. बाहेर उभे राहायच्या जागेला छप्पर आहे का, तेही.

गर्दी कमी करायचा एक मार्ग कागदातून जातो, तोही भेटीतच तपासता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि कलमातले इतर अपवाद सोडून, कमाल शिक्षेच्या निम्मा काळ, आणि पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळ आत काढलेल्या न्यायाधीन बंद्यासाठी अधीक्षकांनी स्वतः न्यायालयाला अर्ज करायचा असतो. असे अर्ज किती गेले? जामीन होऊन सात दिवस उलटले तरी जामीनदाराअभावी आत असलेल्यांची नावे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायची, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी सांगितले आहे. ती यादी मागा. यादी 'निरंक' असेल तर जामिनाचे आदेश आणि सुटकेची वही स्वतः ताडून पाहा.

पोलीस कोठड्या अभ्यागत मंडळाच्या कक्षेत येत नाहीत असे म्हणून सोडून देऊ नयेत. न्यायाधीश सदस्यांना तिथे जाता येते. १९८३ मध्ये शीला बारसे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या कोठड्यांना सत्र न्यायाधीशाने न कळवता भेट द्यावी असे सांगितले होते, ती पद्धत किनाऱ्यावर यायला हरकत नाही. कोठडीत पाहायचे थोडेच असते पण ते नेमके असते. २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालाप्रमाणे कोठड्या, वऱ्हांडे, येण्याजाण्याच्या वाटा, सगळीकडे कॅमेरे हवेत आणि चित्रण १८ महिने, अगदीच शक्य नसेल तर किमान वर्षभर, राहिले पाहिजे. कॅमेरा चालू आहे का असे विचारू नका, तो लाल दिवा दाखवतोच. तीन महिन्यांपूर्वीची एखादी तारीख आणि पहाटे दोनची वेळ सांगून ते चित्रण लावायला सांगा. विजा कडाडून रेकॉर्डरची डिस्क गेलेली असते आणि दुरुस्तीचे पत्र 'पाठवले आहे' असते. चित्रण लागलेच तर त्यावरची वेळ आपल्या घड्याळाशी आणि स्टेशन डायरीशी जुळवा. अटकेची वेळ आणि पहिली वैद्यकीय तपासणी यांतले अंतरही तिथेच मिळते. मग कोठडीत जाऊन पंधरा मिनिटे दार लावून बसा. पंखा बाहेरच्या खोलीत असतो, हे बसल्यावर कळते.

या सगळ्याला लागणारे सामान एका खांद्यावरच्या पिशवीत मावते : ३० मीटरचा टेप, दहा लिटरची बादली, वजनकाटा, ओटीची बाटली, टीडीएस मीटर, विहिरीला सोडायची गाठी मारलेली दोरी, विजेरी. वहीचे पान दोन रकान्यांचे करावे, गेल्या भेटीचा आकडा आणि आजचा. तिसरा रकाना हवाच असेल तर त्यात फक्त ज्याच्याकडे काम सोपवले त्याचे पद आणि तारीख असावी.

हे पत्र एप्रिलअखेर जात आहे, त्यामुळे पाण्याची भेट अजून हातची गेलेली नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यातला दिवस ठरला की दोरी आणि मीटर आमच्याकडून न्यावेत. दुसरी भेट आषाढात, सलग आठवडाभर पाऊस लागल्यावर, रात्री नऊनंतर. त्या रात्री चपला बाहेर काढून आत जावे. जमीन किती ओली आहे ते पायाला लगेच कळते.

आपले,
कारागृह-पाहणीच्या कामात असलेले काही वकील, डॉक्टर आणि बांधकाम अभियंते
रत्नागिरी